विटेवरचा देव पोथीतून परत आला

नांदेडहून अमृतसरला जाणाऱ्या गाडीचं नाव सचखंड एक्स्प्रेस. शीख परंपरेत माणसाच्या वाटचालीचे पाच टप्पे सांगितले आहेत: धर्मखंड, ज्ञानखंड, सरमखंड, करमखंड आणि शेवटचं सचखंड. तिथे निराकाराचं वास्तव्य. जिथे पोचायला साधक अख्खा जन्म घालवतात, त्या मुक्कामाचं रिझर्वेशन नांदेडला खिडकीवर मिळतं. दिवाळीच्या दिवसांत वेटिंगवर. देव कसा असतो आणि माणूस कशासाठी जन्माला येतो, या प्रश्नांवर ग्रंथालयंच्या ग्रंथालयं भरली आहेत. नांदेड आणि लातूर या दोन जिल्ह्यांत मात्र त्यांची निरनिराळी उत्तरं एसटीने फिरून पाहता येतात. त्यातलं एक उत्तर तर इथूनच निघून, थेट पंजाबपर्यंत जाऊन, साडेतीनशे वर्षांनी गोदाकाठी परत आलेलं आहे.

इतिहास थोडक्यात असा. दहावे गुरू गोविंदसिंगजी 1708 मध्ये बादशहा बहादूरशहाच्या दक्षिण मोहिमेच्या वाटेने नांदेडला आले. गोदाकाठच्या माधोदास बैराग्याला त्यांनी बंदासिंग बहादूर करून पंजाबात धाडलं. इथेच त्यांच्यावर हल्ला झाला आणि त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात ते निवर्तले. तिथल्या सचखंड गुरुद्वाऱ्याची आजची वास्तू महाराजा रणजितसिंगांनी 1832 ते 1837 या काळात बांधवून घेतली. शिखांच्या पाच तख्तांपैकी हे एक. 2008 साली गुरुतागद्दीची त्रिशताब्दी झाली, तेव्हा शहराचे रस्ते रुंदावले. बाकी तपशील गुरुद्वाऱ्याबाहेरच्या कोणत्याही पुस्तिकेत मिळतील.

खरी गोष्ट त्या गुरुतागद्दीचीच आहे. जाण्यापूर्वी गुरूंनी सांगितलं की यापुढे देहधारी गुरू असणार नाही. ग्रंथ हाच गुरू. जगाच्या धर्मेतिहासात पवित्र पोथ्या पुष्कळ, पण माणसाला मिळणारा सगळा मान पोथीला द्यायचा, तिला रात्री निजवायचं, पहाटे उठवायचं, तिच्यावर चवरी ढाळायची, तिच्याकडून रोजचा हुकूम घ्यायचा, असं दुसरं उदाहरण सापडणं अवघड. या ग्रंथातला देव एक आहे. तो काळाच्या पलीकडचा, जन्म न घेणारा, कुणाला न भिणारा आणि कुणाशी वैर नसलेला आहे. त्याला मूर्ती नाही. ज्या देवाला रूपच नाही, त्याच्याशी शब्दानेच बोलावं लागणार, आणि म्हणून शब्दांच्या पोथीला तख्त.

आता मुद्द्याचं. 1430 पानांच्या या गुरुग्रंथसाहिबात 61 पदं आपल्या नामदेवांची आहेत. नांदेडला दर्शनाला गेलेल्या मराठी माणसांना प्रस्तुत लेखक हे आवर्जून सांगतो. बहुतेक जण मान डोलावतात आणि लंगर कुठे आहे ते विचारतात.

नामदेवांचा जन्म 1270 चा. जन्मगाव म्हणून शेजारच्या हिंगोली जिल्ह्यातलं नरसी सांगितलं जातं. काहींच्या मते ते पंढरपूर. नरसीकरांसमोर हा दुसरा पक्ष मांडण्याच्या फंदात पडू नये. तर या नामदेवांचा सुरुवातीचा देव म्हणजे पंढरीचा विठोबा. तो विटेवर उभा, कमरेवर हात, नैवेद्य खाणारा, लहान नाम्याशी बोलणारा. असा जिवाभावाचा देव असताना गोरोबाकाकांनी थापटण्याने डोकी तपासून नामदेवांचं मडकं कच्चं ठरवलं, ही कथा घरोघर ठाऊक आहे. पुढचा भाग औंढ्याचा. गुरूच्या शोधात नामदेव औंढा नागनाथाला गेले, तर विसोबा खेचर शिवाच्या पिंडीवर पाय ठेवून आडवे झालेले. नामदेव चिडले. विसोबा म्हणाले, देव नसेल तिथे माझे पाय उचलून ठेव. नामदेव पाय हलवत गेले आणि जिथे ठेवले तिथे पिंड उगवत गेली.

गंमत अशी, की गुरू नानकांच्या चरित्रात थेट हीच कथा मक्केत घडते. काब्याकडे पाय करून झोपलेल्या नानकांचे पाय लोक फिरवतात आणि काबाही फिरतो. मराठवाड्यातलं खेडं आणि अरबस्तानातलं तीर्थ, कथा एकच. कुणी कुणाची घेतली यावर लेख लिहिता येईल. पण तत्त्व पटवायला पुराव्याऐवजी पाय लागतात, हे दोन्हीकडच्या कथाकारांना कळलं होतं, याचंच या लेखकाला जास्त अप्रूप वाटतं.

पुढे नामदेव उत्तरेला गेले. पंजाबात गुरदासपूर जिल्ह्यातल्या घुमानला त्यांनी दीर्घकाळ मुक्काम केला, असं तिथली परंपरा मानते. 2015 मध्ये 88 वं अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन घुमानला भरलं ते याच नात्यापोटी. अध्यक्ष होते सदानंद मोरे. घुमानचे नामदेव आणि पंढरीचे नामदेव एकच का, यावर अभ्यासकांचा जुना वाद आहे. नामदेव एकापेक्षा जास्त झाले असावेत, असं म्हणणारे काही अगदीच वेडे नाहीत. तरी ग्रंथातली पदं वाचताना एक शब्द वाटेत उभा राहतो: बीठल. हिंदीच्या वळणाच्या त्या जुन्या भाषेत, गुरुमुखी लिपीत, चक्क आपला विठ्ठल. इथे तो वीट सोडून निघालेला आहे. इकडे तो, तिकडे तो, त्याच्यावाचून जागाच रिकामी नाही, अशा अर्थाचं ते पद आहे. वादाचा निकाल पंडितांनी लावावा. या एका शब्दापुढे लेखकाने आपला कौल देऊन टाकला आहे.

दुसरं एक पद रामकली रागातलं. मुलगा पतंग उडवतो, सोबत्यांशी गप्पा मारतो, पण मन दोरीत. डोक्यावर घागरी घेतलेल्या बाया हसतखिदळत जातात, ध्यान घागरीवर. गाय लांब चरते आणि जीव वासरात. आई घरातली कामं उरकते, लक्ष पाळण्यातल्या लेकरात. देवाचं स्वरूप काय, या प्रश्नाला नामदेव इथे हातच लावत नाहीत. देव कसा का असेना, लक्ष कुठे ठेवायचं ते सांगून मोकळे होतात.

1604 मध्ये गुरू अर्जनदेवांनी ग्रंथाची पहिली संहिता सिद्ध केली तेव्हा ही पदं तिच्यात आली आणि 1708 मध्ये हा ग्रंथ नांदेडला गुरुपदी बसला. नरसी काही फार लांब नाही. पंजाबातून येणारे यात्रेकरू नांदेडहून नरसीलाही जाऊन येतात.

सचखंडातली सायंकाळची आरती मात्र एकदा बघावीच. पंजाबातल्या गुरुद्वाऱ्यांत आरती नुसती गायिली जाते. आकाश हेच ताट आणि सूर्यचंद्र हेच दिवे, मग तबक कशाला, असा नानकांच्या आरतीचा भाव. नांदेडला तीच आरती म्हणतात आणि पेटत्या ज्योतीही ओवाळतात. आत अंगीठासाहिबपाशी गुरूंची शस्त्रं आहेत, त्यांना चंदन लावतात. गोदावरीचं पाणी रोज गागरीतून येतं. दिवाळीच्या सुमारास तख्तस्नान होतं. त्या दिवशी नदीवरून घागरींची रीघ लागते, शस्त्रं बाहेर काढून घासूनपुसून लखलखीत केली जातात. उत्तरेकडच्या काही शिखांना हे सगळं खटकतं. निराकाराला कसली आंघोळ, असा त्यांचा सवाल, आणि तर्काला तो धरून आहे. पण दख्खनमध्ये देवाला ओवाळल्याशिवाय संध्याकाळ झाल्यासारखी वाटत नाही. इथले दखनी शीख मराठी बोलतात. लंगरात पोळी हातात घ्यायची असते आणि तीही दोन्ही हातांची ओंजळ पुढे करून. एका हाताने मागणाऱ्या एका लातूरकराला वाढणाऱ्या वयस्क सेवादारांनी दटावलं, ‘‘मालक, दोन्ही हात करा की. घेताना लाज नसावी.’’

थोडं वाट सोडून माहूरला. एवढ्या एका डोंगरावर देवाविषयी इतकी मतं नांदतात की नवख्याने गोंधळून जावं. रेणुकेचा शेंदरी तांदळा, म्हणजे फक्त मुख. दत्तशिखरावरचा दत्त काशीला स्नान करतो, कोल्हापुरात भिक्षा मागतो आणि निजायला माहूरला येतो. आणि देवदेवेश्वरीला महानुभावांचा दत्त, तो तीन तोंडांचा नव्हेच. तो एकमुखी, पंचकृष्णांपैकी एक, साक्षात परमेश्वराचा अवतार. महानुभावांनी हिशेब काटेकोर मांडला आहे: जीव, देवता, प्रपंच आणि परमेश्वर हे चार पदार्थ अनादी आणि एकमेकांपासून वेगळे. देवता पुष्कळ, त्यांची फळंही मर्यादित. मोक्ष फक्त परमेश्वर देतो. तेराव्या शतकातल्या चक्रधरस्वामींचा हा विचार अद्वैताच्या नेमका उलट. जीव देवात विरघळत नाही, तो जीवच राहतो. आषाढीला ‘सगळे देव एकच’ म्हणून सोडून देणाऱ्यांनी हे एकदा नीट वाचावं. सगळ्यांनी तसं म्हटलेलं नाही.

लातूरकडे उतरलं की देव तळहातावर येतो. लिंगायत घरात सकाळी आंघोळ झाली की गळ्यातलं इष्टलिंग काढून डाव्या तळव्यावर ठेवतात. बोटाएवढी काळी कुळकुळीत आकृती. तिच्यावर पाण्याचे चार थेंब, भस्म, बेलाचं पान, आणि नजर तिच्यावर खिळलेली. मध्ये भटजी नाही, देऊळ नाही. निलंगा, उदगीरच्या पलीकडे हद्द ओलांडली की बसवकल्याण. हा मार्ग घालून देणारे महात्मा बसवेश्वर बाराव्या शतकात तिथे होते. मराठीत हा विचार मन्मथस्वामींनी ‘परमरहस्य’ ग्रंथातून ओव्यांत आणला. लातूर-नांदेडच्या गावांतून त्याची पारायणं आजही होतात आणि कार्तिकी पौर्णिमेला दिंड्या बीडजवळच्या कपिलधारला निघतात. अहमदपूरचे डॉ. शिवलिंग शिवाचार्य महाराज 2020 मध्ये वयाच्या 104 व्या वर्षी गेले. हे पारायण गावोगाव टिकवण्यात त्यांचा वाटा फार मोठा.

माणसाने जगायचं कशासाठी? बसवेश्वरांच्या अनुयायांचं, म्हणजे शरणांचं, उत्तर दोन शब्दांचं: कायक आणि दासोह. कष्ट करावेत, आणि त्यातलं समाजाला अर्पण करावं. शिखांकडे तीन गोष्टी आहेत: नाम जपा, किरत करा, वंड छको. कष्टाची कमाई आणि वाटून खाणं. एक परंपरा कन्नड मुलखातली, दुसरी पंजाबातली. नांदेड-लातूर रस्त्यावर त्या समोरासमोर येतात तेव्हा मराठवाड्यातल्या शेतकऱ्याला दोन्ही आपल्याच वाटतात.

या सगळ्याची परीक्षा 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे झाली. गणपती विसर्जन करून लोक निजले होते. चारच्या आधी काही मिनिटं औसा तालुक्यातल्या किल्लारीची आणि भोवतालच्या गावांची घरं बसली. सुमारे दहा हजार माणसं गेली. देव कोपला, ही भाषा तेव्हा बरीच बोलली गेली. या लेखकाला ती तेव्हाही मान्य नव्हती. जाड दगड-मातीच्या भिंती आणि वर्षानुवर्षं माती चढवून जड झालेली माळवदं, यांनी माणसं मारली. भूकंप निसर्गाचा, वजन आपलं. मात्र ज्याचं अख्खं घर गेलं त्याला हे शास्त्र त्या सकाळी ऐकवणं क्रूरपणाचं झालं असतं. त्या दिवसांत उपयोगी पडले ते ढिगारे उपसणारे आणि चुली पेटवून भात रांधणारे हात.

नामदेवांच्या गोष्टीतला एक धागा उरलाच. गुरुग्रंथसाहिबात कबीरांच्या दोह्यांमध्ये अचानक नामदेव आणि त्रिलोचन बोलताना भेटतात. त्रिलोचन म्हणजे परंपरेने बार्शीचे संत. लातूरकरांची जुनी छोटी रेल्वे ज्या बार्शीच्या नावाने ओळखली जाई, तीच ही बार्शी. त्रिलोचन नामदेवांना विचारतात, मायेत गुंतून कापडं काय छापत बसलास, रामाकडे लक्ष का देत नाहीस? नामदेव धंदा सोडायला तयार नाहीत. हातपाय कामात असले तरी चित्त निरंजनापाशी ठेवता येतं, असं ते सुनावतात. पतंगाच्या पदातलाच हा मुद्दा, फक्त इथे समोर आक्षेप घेणारा माणूस आहे, आणि तो आक्षेपही पोथीने पुसून टाकलेला नाही. त्रिलोचनांची स्वतःची चार पदंही त्याच ग्रंथात आहेत.