फरकाची जात

गेल्या पावसाळ्यात अक्का चार दिवस आमच्याकडे पुण्याला राहायला आली होती. अक्का म्हणजे माझी थोरली बहीण. वय पंचाहत्तर. गेली दहा-बारा वर्षं तिला कमी ऐकू येतं. कानात यंत्र आहे, पण ते निम्मंच काम करतं. उरलेलं अक्का डोळ्यांनी करते. समोरच्याच्या ओठांकडे बघून ती बोलणं समजून घेते. हे ती स्वतः कबूल करत नाही. ‘तू हल्ली तोंड फिरवून पुटपुटतोस,’ एवढंच म्हणते.

तिच्यासाठी मी एक गंमत तयार ठेवली होती. २००३ साली सांगलीला आम्ही आईचं सहस्रचंद्रदर्शन केलं, त्याची व्हिडिओ सीडी माझ्या कपाटात होती. व्हिडिओ सीडी हा १९९३ सालचा अवतार. एका चकतीवर सव्वा तासाच्या आत-बाहेर चित्रण मावायचं आणि एके काळी आपल्याकडे लग्नमुंजीचे सगळे सोहळे याच चकत्यांवर उतरले. आता त्या लावायला घरात यंत्र उरलेलं नाही. नव्या लॅपटॉपला चकतीची खाचसुद्धा नसते. म्हणून मी ती एका दुकानात देऊन तिची संगणकावर चालणारी फाइल करून घेतली होती.

जेवणं झाल्यावर टीव्हीला पेनड्राइव्ह लावला. गुरुजी, नारळ, पाटावर बसलेली आई, पैठण्यांची सळसळ. अक्का खुशीत होती. एकतिसाव्या मिनिटाला कुणीतरी आईपुढे माईक धरला आणि आई बोलू लागली. आई जाऊन आता सोळा-सतरा वर्षं झाली. मी सावरून बसलो. अक्का मात्र पुढे वाकून, डोळे बारीक करून बघत होती. मग वैतागून म्हणाली, ‘अरे, हिचं तोंड मिटतं आणि मग आवाज येतो. मला काही कळत नाहीये. काय म्हणतेय ती?’

मला नीट ऐकू येत होतं. आई काय म्हणत होती ते मी आयुष्यात पहिल्यांदा ऐकत होतो. कार्यक्रमात ती बोलली तेव्हा मी बाहेर मांडववाल्याचा हिशेब चुकता करत होतो आणि अक्का आत पंगतीचं बघत होती. पुढे सीडी लावली ती पहिली दहा मिनिटं, आल्यागेल्याला दाखवण्यापुरती. आई जे बोलत होती, ते अक्काच्या कानाशी ओरडून सांगण्यासारखं नव्हतं.

‘सगळ्यांना आशीर्वाद देतेय,’ मी म्हणालो आणि टीव्ही बंद केला.

दुसऱ्या दिवशी दुकान गाठलं. ‘काका, जुनी सीडी आहे, असंच येणार,’ असं उत्तर मिळालं. मी आयुष्याची चौतीस वर्षं बँकेत काढली आहेत. ‘असंच येणार’ हे उत्तर मला पटत नाही. दहा पैशांचा फरक सापडत नाही म्हणून रात्री अकरापर्यंत लेजर उलटीपालटी करणाऱ्या पिढीतला मी. आमचे तेव्हाचे हेडक्लार्क म्हणायचे, ‘फरक शोधायला धावू नका. आधी फरकाची जात ओळखा.’ फरकाला नवाने पूर्ण भाग जात असेल, तर कुणीतरी ५४ च्या जागी ४५ लिहिलेत का ते आधी बघायचं, ही युक्ती त्यांचीच.

चित्र आणि आवाज यांच्यातल्या फरकाच्याही जाती आहेत, हे मला त्या दोन दिवसांत कळलं. त्या तीन. पहिली म्हणजे आरंभीच्या शिलकेतली चूक. आवाज पहिल्या क्षणापासून ठरावीक अंतराने मागे किंवा पुढे असतो आणि शेवटपर्यंत तेवढाच राहतो. दुसरी म्हणजे चुकीचा व्याजदर. सुरुवातीला सारं ठीक वाटतं आणि फरक मिनिटागणिक वाढत जातो. तिसरी म्हणजे गहाळ व्हाउचर. चकतीवर ओरखडा असतो, तिथला मजकूर वाचता येत नाही, चित्राचा तुकडा गळतो आणि तिथून पुढे एकदम उडी पडते. तिन्हींवर औषधं वेगळी. पहिलीत आवाज नुसता सरकवायचा, दुसरीत ताणायचा किंवा आवळायचा, तिसरीत जिथे उडी पडली तिथे कापून पुढचा भाग वेगळा जुळवायचा.

मी आधी घाईच केली. विंडोजवर व्हीएलसी नावाचा फुकट मिळणारा प्रोग्राम आहे. त्यात जे हे बटण दाबलं की आवाज ५० मिलिसेकंद अलीकडे येतो, के दाबलं की तेवढाच पलीकडे जातो. पूजेचा नारळ फुटतो तिथे आठदा जे दाबलं आणि ठोका बरोबर बसला. आनंदाने आईच्या बोलण्यापाशी आलो, तर ओठ पुन्हा पुढे आणि आवाज मागे! म्हणजे फरक वाढत होता. शिवाय ही दुरुस्ती बघण्यापुरतीच असते, फाइलमध्ये उतरत नाही.

मग कागद-पेन्सिल घेऊन बसलो. सिनेमावाले पाटीवर पट्टी आपटून टाळी का देतात, ते आता उमगलं. टाळी दिसतेही आणि ऐकूही येते. दोन्ही नोंदी समोरासमोर ठेवून फरक मोजता येतो. आमच्या सोहळ्यात पाटी कुठून असणार? पण तिसऱ्या मिनिटाला नारळ होता आणि त्रेचाळिसाव्या मिनिटाला वाढपी पोराच्या हातून स्टीलचं ताट पडलं होतं. तेव्हा त्याला सगळे रागावले होते. त्या दिवशी मी त्याला मनोमन दुवा दिला.

आपल्याकडच्या व्हिडिओत सेकंदाला २५ चित्रं असतात, म्हणजे एक चित्र ४० मिलिसेकंदांचं. एकेक चित्र पुढे सरकवत मोजलं. नारळापाशी आवाज दहा चित्रं मागे, म्हणजे ०.४ सेकंद. ताटापाशी चाळीस चित्रं, म्हणजे १.६ सेकंद. चाळीस मिनिटांत १.२ सेकंदांची वाढ; दर हजार सेकंदांना अर्धा सेकंद व्याज. मागे हिशेब करत गेलो, तर आरंभीच्या शिलकेतही ०.३१ सेकंदाची चूक निघाली. म्हणजे एकात एक दोन फरक होते. ताळा करायला विसाव्या मिनिटाची आरतीची टाळी घेतली. हिशेबाने तिथे ०.९१ सेकंद यायला हवा होता; मोजला तर तेवीस चित्रं, ०.९२. वाढ सरळ रेषेत होती, उडी कुठेच नव्हती.

अशा वाढीचं नेहमीचं कारण मोठं गमतीचं आहे. त्या काळी कॅसेटवरचं चित्रण संगणकात घेताना चित्र एका कार्डातून जायचं आणि आवाज दुसऱ्या. दोघांची घड्याळं वेगळी. सीडीसाठी आवाजाचे सेकंदाला ४४,१०० नमुने घ्यायचे असतात. आवाजाच्या कार्डाचं घड्याळ किंचित पुढे धावलं आणि त्याने २२ नमुने जास्त घेतले, की आवाज तेवढा लांबतो आणि चित्रामागे रेंगाळू लागतो. सुरुवातीची चूक बहुधा फाइल करताना होते. चित्र आणि आवाज वेगळे काढले जातात आणि दोघांवर मारलेले वेळेचे शिक्के जोडताना कुणी बघत नाही.

मूळ व्हाउचरवर खाडाखोड करायची नसते, म्हणून फाइलची प्रत काढली. प्रतीतला आवाज वेगळा केला, ऑडासिटी या मोफत प्रोग्रामात त्याचा वेग ०.०५ टक्क्याने वाढवला, सुरुवातीचे ०.३१ सेकंद काढून टाकले आणि तो पुन्हा चित्राला जोडला. चित्राला हात लावला नाही. ते नव्याने बनवायला गेलं तर उगाच धूसर होतं.

एवढ्याशा फरकाने काय बिघडतं, असं तुम्ही म्हणाल. लहानपणी आम्ही कृष्णेच्या घाटावर बसायचो, तेव्हा पलीकडच्या काठावर धोबी कपडा आपटताना आधी दिसायचा आणि आवाज मागून यायचा. आवाज मागे राहणं निसर्गातलंच, म्हणून आपलं मन ते थोडं माफ करतं. आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाने १९९८ साली दिलेल्या मर्यादांत हेच दिसतं: आवाज ४५ मिलिसेकंद आधी आला तरी खटकतो, मागे पडला तर १२५ पर्यंत लक्षात येत नाही. आईच्या बोलण्यापाशी आमचा फरक होता १,२४० मिलिसेकंद, मर्यादेच्या दहापट. आणि ओठांवर विसंबणारी केवळ अक्काच नव्हे. मॅकगर्क आणि मॅकडोनाल्ड या संशोधकांनी १९७६ साली दाखवून दिलं, की आवाज ‘बा’चा आणि ओठ ‘गा’चे असले, तर पुष्कळांना ‘दा’ ऐकू येतं. आपण सगळेच थोडंथोडं डोळ्यांनी ऐकतो. अक्काकडे दुसरा इलाज नाही, इतकंच.

तुमच्याही कपाटात अशा चकत्या असतील. पावसाळ्यात त्यांना बुरशी धरते. मऊ कापडाने मधून कडेकडे सरळ पुसा, गोल गोल नको. आधी जशीच्या तशी प्रत काढून ठेवा आणि मग दुरुस्तीला बसा. दुकानातून फाइल आणलीत तर पहिली पाच मिनिटं बघून समाधान मानू नका. शेवटची पाचही बघा. वाढणारा फरक तिथेच सापडतो.

अक्का जायच्या आदल्या संध्याकाळी मी पुन्हा टीव्ही लावला. ‘परत तेच?’ ती म्हणाली. मी सरळ एकतिसावं मिनिट काढलं.

आमच्या घरात एक गोष्ट कायम सांगितली जायची: अक्काला शिकायची आवडच नव्हती. १९६७ साली ती अकरावी झाली आणि घरी बसली. मी धाकटा, तेव्हा नऊ वर्षांचा. माझ्या खात्यावर तेवढीच नोंद होती.

पडद्यावर आई म्हणाली, ‘सगळे म्हणतात मुलांना शिकवलं. मुलांना शिकवलं ते थोरलीला घरी बसवून. तिने कॉलेजचा फॉर्म आणला होता. मी तो चुलीत घातला आणि तिलाच आवड नाही असं सगळ्यांना सांगितलं. तिने कधी मला खोटं पाडलं नाही. आज सगळ्यांसमोर सांगते, ते माझं चुकलं.’

आईचे ओठ आणि आईचा आवाज एकत्र चालत होते. अक्का हलली नाही. संपल्यावर म्हणाली, ‘पुन्हा लाव.’ मी लावलं. तिसऱ्यांदाही लावलं.

मग ती बराच वेळ पदराच्या टोकाशी चाळा करत बसली. शेवटी म्हणाली, ‘मला वाटायचं, आई तो फॉर्म विसरली.’

मी काहीतरी बोललो. पण ती टीव्हीकडे बघत होती, त्यामुळे तिला ते ऐकू गेलं नाही.