वाटणी न होणारं गाव

ब्रिटिश अमलाखालच्या दोन ठिकाणी १९२१ साली माणसं वसवण्याचं काम चालू होतं. मुंबईत गव्हर्नर जॉर्ज लॉइड यांच्या काळात उघडलेलं बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंट गिरणी कामगारांसाठी काँक्रीटच्या चाळी बांधायला लागलं होतं. शहरात येणाऱ्या कापसाच्या प्रत्येक गाठीवर रुपया कर बसवून त्याचा खर्च भागवला जात होता. तिकडे पॅलेस्टाइनमध्ये, हैफापासून पंचवीसेक किलोमीटरवर, जेझ्रील खोऱ्यातल्या दलदलीत काही ज्यू कुटुंबांनी ११ सप्टेंबरला तंबू ठोकले. पहिले काही महिने बायका-मुलं नाझरेथला आणि पुरुष चिखलात, कारण खोऱ्यात हिवतापाचा सुळसुळाट होता. चाळींना खात्याच्या आद्याक्षरांचंच नाव पडलं, बीडीडी. तंबूंच्या जागी उभ्या राहिलेल्या गावाचं नाव नहलाल.

या दोन पत्त्यांचा एकमेकांशी तसा काही संबंध नाही. तरीही वरळीच्या बीडीडीत वाढलेला माणूस इस्रायलला गेला आणि जेरुसलेम, मृत समुद्र आटोपून त्याच्याकडे एक दिवस उरला, तर तो त्याने नहलालला घालवावा. शेतीतलं काही कळत नसलं तरी चालेल.

गावाची वस्ती हजाराच्या आतबाहेर. नकाशात ते बैलगाडीच्या चाकासारखं दिसतं. मधल्या तुंब्यावर शाळा, सभागृह, सहकारी भांडार आणि गावचं कार्यालय. त्याभोवती शिक्षक-कारागिरांची घरं आणि रस्त्याचं कडं. कड्याला लागून शेतकऱ्यांची घरं, प्रत्येकाच्या मागे गोठा, आणि त्यामागे बाहेरच्या बाजूला रुंदावत गेलेलं शेत. ही रचना रिचर्ड काउफमान या वास्तुकाराची. रस्त्यावरून चालताना मात्र यातलं काही कळत नाही. वळत जाणारी सडक दिसते, मोठाली झाडं दिसतात, शेणाचा ओळखीचा वास येतो. गोल पाहायचा तर विमानातून किंवा उपग्रहाच्या छायाचित्रात.

गोल आखण्यामागे हिशोब होता. सुमारे ७५ शेतकरी कुटुंबांना सारखी जमीन, प्रत्येकी १०० दुनमांच्या आसपास, म्हणजे साधारण पंचवीस एकर. आणि मधल्या कार्यालयापर्यंतचं अंतरही सगळ्यांना जवळपास सारखंच. कोपऱ्यावरचं घर कुणाचं, हा वादच उरला नाही. पहिल्या कुटुंबांतली काही देगानिया या किबुत्झमधून बाहेर पडलेली होती. किबुत्झमध्ये सगळंच सामाईक, जेवणाची पंगतसुद्धा. या मंडळींना स्वतःची चूल, स्वतःची गाय हवी होती. बियाणं आणि खत मात्र एकत्र विकत घ्यायचं, दूध एकत्र विकायचं. एलिएझर याफे यांनी या धर्तीच्या गावाचे नियम १९१९ मध्ये एका पुस्तिकेत मांडले होते. जमीन राष्ट्राची, ती कसणाऱ्याला भाडेपट्ट्याने; मजूर लावायचे नाहीत, स्वतः राबायचं; शेजारी आजारी पडला तर त्याच्या गाईची धार गावाने काढायची. अशा गावाला मोशाव म्हणतात आणि नहलाल हा या पद्धतीचा पहिला मोशाव. विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांनी १९५० च्या सुमारास प्रवरानगरला सहकारी साखर कारखाना उभा केला, तेव्हा नहलाल वसून पंचवीसहून अधिक वर्षं झाली होती.

महाराष्ट्रातून इस्रायलला जाणारे बहुतेक लोक हे पाहत नाहीत. ते ठिबक पाहायला जातात, आणि त्याला कारणही आहे. बीरशेबाजवळच्या हात्झेरिम किबुत्झमध्ये १९६५ साली सिम्खा ब्लास यांच्या कल्पनेवर नेटाफिम कंपनी सुरू झाली. जळगावच्या जैन इरिगेशनने २००७ मध्ये नान किबुत्झच्या नानदान कंपनीत निम्मा वाटा घेतला आणि पुढे पूर्ण ताबा. राहुरीला डाळिंबाचं, नागपूरला संत्र्याचं, दापोलीला हापूसचं भारत-इस्रायल केंद्र आहे. नाशिक-सांगलीच्या द्राक्षबागायतदारांचे गट तेल अवीवचं कृषी प्रदर्शन, एखादा गोठा, एखादं हरितगृह बघतात आणि माहितीपत्रकांनी पिशव्या भरून परततात. नळी विकत मिळते. ज्या गावांनी ती आधी वापरली, त्यांनी जमिनीचे तुकडे का होऊ दिले नाहीत, हे कुठल्या माहितीपत्रकात नसतं.

सातबाऱ्यावर अकरा नावं आणि वाट्याला दीड एकर, हे ज्या राज्यात नेहमीचं, तिथल्या माणसाने नहलालमध्ये पहिल्यांदा विचारायला हवं ते वारसाबद्दल. मोशावमधल्या शेतकऱ्याला वारस एकच. घर, गोठा, शेत आणि पाण्याचा कोटा हे सगळं मिळून एक अखंड एकक मानलं जातं आणि ते मुलांपैकी एकाकडेच जातं. बाकीच्यांनी शिकावं, शहर गाठावं, नाहीतर दुसऱ्या मोशावमध्ये नशीब काढावं. म्हणूनच शंभर वर्षांनंतरही नकाशावरचं चाक ओळखू येतं. त्याची किंमतही कुटुंबांनी मोजली. एका भावाला पंचवीस एकर आणि बाकीच्यांना आशीर्वाद, ही व्यवस्था कागदावर जितकी नेटकी तितकी जेवणाच्या टेबलावर नसते. इस्रायलच्या न्यायालयांत मोशावच्या वारसाहक्काचे खटले कायम चालू असतात. भाऊबंदकी काही फक्त कोकणातच पिकत नाही.

बाकीचे नियमही तसेच राहिले नाहीत. १९८५ च्या आर्थिक फेररचनेनंतर व्याज चढलं, सहकारी संघ कर्जात बुडाले आणि एकमेकांच्या कर्जाला जामीन राहिलेली गावं एकदमच अडचणीत आली. एकत्र खरेदी-विक्री बऱ्याच ठिकाणी थांबली. स्वतः राबायचा नियम त्याआधीच सैल पडला होता. आधी पॅलेस्टिनी मजूर आले, नव्वदच्या दशकापासून थायलंडचे. ७ ऑक्टोबर २०२३ नंतर हजारो थाई मजूर मायदेशी परतले, तेव्हा या देशाची शेती किती परक्या हातांवर उभी आहे ते उघडं पडलं. आज मोशावमधली बरीच माणसं सकाळी गाडी काढून शहरात नोकरीला जातात. वारस न ठरलेल्या मुलांसाठी आणि बाहेरून येणाऱ्यांसाठी कित्येक मोशावांनी कडेला नवी वस्ती उठवली आहे.

प्रवाशाने आणखी एक जागा पाहिल्याशिवाय निघू नये. नहलालजवळ मालूल नावाचं अरब गाव होतं. खोऱ्यातली जमीन बैरूतच्या सुरसोक घराण्याकडून विकत घेतलेली, ती कसणारी कुळं मात्र स्थानिक. १९४८ च्या युद्धात मालूल रिकामं झालं. दोन चर्च आणि एका मशिदीचे अवशेष उरले आहेत. नहलालमध्ये लहानाचे मोठे झालेले सेनानी मोशे दायान यांनी १९६९ मध्ये हैफाच्या विद्यार्थ्यांसमोर हे स्वतः बोलून दाखवलं होतं, की इथली ज्यू गावं अरब गावांच्या जागी उभी आहेत, आणि उदाहरण म्हणून आपल्याच गावाचं नाव घेतलं होतं. दायान यांचं दफन नहलालच्या स्मशानभूमीत झालं. तिथेच इलान रामोन यांचीही कबर आहे. १ फेब्रुवारी २००३ रोजी कोलंबिया यान कोसळलं तेव्हा कल्पना चावला यांच्यासोबत त्यात हे रामोन होते.

मराठी मात्र नहलालमध्ये ऐकू येणार नाही. ती ऐकायची तर दिमोना, लोद, रामले, अश्दोद, बीरशेबा. १९४८ नंतर कोकण-मुंबईचे बेने इस्रायल ज्यू गेले ते या गावांत. अलिबाग-पेण भागात त्यांचे पूर्वज तेलाचे घाणे चालवत आणि शनिवारी घाणा बंद ठेवत, म्हणून लोक त्यांना शनवार तेली म्हणत. पुढे ही मंडळी पलटण, रेल्वे, कचेऱ्या आणि गिरण्यांत शिरली. सात रस्त्यावरचं त्यांचं सिनेगॉग वरळीच्या चाळींपासून फार लांब नाही. इस्रायलमध्ये त्यांच्या वाट्याला बहुतांशी कारखाने आणि नव्या वसाहतीतल्या इमारती आल्या. कोचीनच्या ज्यूंना मात्र नेवातिम, मेसिलत झियोन असे मोशाव मिळाले. बेने इस्रायल लग्नसंबंधांना योग्य ज्यू आहेत का, याची शंका तिथल्या धर्मपीठाने काढली, तेव्हा त्यांना रस्त्यावर उतरावं लागलं. १९६४ मध्ये इस्रायलच्या संसदेने त्यांच्या बाजूने कौल दिला. मलिद्याचं ताट आजही त्यांच्या घरात लागतं.

आता वरळी. ठरल्या होत्या ५०,००० खोल्या, झाल्या १६,५०० च्या आसपास, २०७ चाळींत. त्यांतल्या १२१ एकट्या वरळीत. तळमजला अधिक तीन, मधोमध अंधारा बोळ, दोन्ही बाजूंना १६० चौरस फुटांच्या खोल्या, संडास सामाईक. सुरुवातीला इतक्या लांब राहायला कामगार तयार नव्हते; १९३० च्या सत्याग्रहात सरकारने इथे तात्पुरता तुरुंग थाटला. आराखडा कुणी राहणाऱ्याला विचारून काढला नव्हता. एकमेकांना धरून राहण्याची रीत माणसांनी नंतर आपली आपण बसवली. गिरणगावात एकेका गावाच्या खोल्या होत्या. वर्गणी भरणारे वीस-पंचवीस गाववाले पाळीप्रमाणे झोपायचे, खानावळीत जेवायचे आणि गणपतीला एकाच गाडीने गावी जायचे. याफेंच्या पुस्तिकेतलं आजारपणाचं कलम इथे कुणी लिहिलं नव्हतं. ते पाळलं जात होतं.

खोलीही नहलालच्या शेतासारखीच, तुकडे न होणारी. दहा बाय सोळाची वाटणी काय करणार? एक भाऊ राहिला, बाकीचे विरार, दिवा, बदलापूरला गेले. जोवर ती भाड्याची खोली होती तोवर हे चाललं. १४ ऑगस्ट २०२५ रोजी पुनर्विकासाच्या पहिल्या टप्प्यातल्या ५५६ कुटुंबांना माटुंग्याच्या यशवंत नाट्यमंदिरात चाव्या मिळाल्या. घर ५०० चौरस फुटांचं, मालकीचं, बाजारात कोटीच्या पुढे जाणारं. तेव्हापासून विरारच्या भावाचा फोन वाढला आहे. आणि ज्या खोलीचं भाडं अख्ख्या गावाच्या मंडळाने वर्गणी काढून पन्नास वर्षं भरलं, पण पावतीवर नाव कधीच वारलेल्या एका गाववाल्याचं राहिलं, तिथे चावी कुणी घ्यायची, हे ठरवायला मंडळाच्या बैठका रविवारमागून रविवार लागत आहेत.