घटस्फोटानंतर मंगळसूत्र आणि अंगठ्यांचे काय करायचे?

इंदूरच्या आपल्या मराठी कुटुंबांत घटस्फोट आता क्वचित ऐकू येणारी गोष्ट राहिलेली नाही. मुलांचे ठरते, घराचे ठरते, पण साखरपुड्याची अंगठी, मंगळसूत्र, पाटल्या यांबद्दल कोणी उघड बोलत नाही. मंगळसूत्र तुटले तरी ‘वाढले’ म्हणणारी आपली माणसे, घटस्फोटानंतर ते काढून ठेवण्याविषयी काय बोलणार? मग दागिने वर्षानुवर्षे लॉकरमध्ये पडून राहतात, नाहीतर भलत्याच हाती जातात. बँकेच्या नोकरीत आम्ही असे प्रसंग पुष्कळ पाहिले. त्यावरून सुचलेल्या चार गोष्टी सभासदांपुढे ठेवत आहोत.

दागिना कोणाचा?

लग्नाआधी, लग्नात किंवा नंतर मुलीला माहेरून, सासरहून वा आप्तेष्टांकडून जे भेट मिळाले ते तिचे स्त्रीधन. मंगळसूत्राची एक वाटी माहेरची आणि एक सासरची, असे आपण म्हणतो. कायद्याने दोन्ही तिच्याच. साखरपुड्यात सासरच्यांनी तिच्या बोटात घातलेली अंगठीही तिचीच. सर्वोच्च न्यायालयाने १९८५ साली प्रतिभा राणी खटल्यात सांगितले की स्त्रीधनावर पत्नीचा पूर्ण हक्क असतो. पती किंवा सासरच्यांकडे ते ठेवायला दिले, तरी त्यामुळे ते मालक होत नाहीत. एप्रिल २०२४ मध्येही याच न्यायालयाने स्त्रीधन ही पती-पत्नीची सामाईक मालमत्ता नसल्याचे स्पष्ट केले.

जावयाला प्रेमाने घातलेली अंगठी ही त्याला दिलेली भेट, म्हणून ती त्याची. मात्र मागणी करून घेतलेली वस्तू हुंड्यात मोडते आणि तिचा विचार वेगळा होतो. दोघांना मिळून दिलेल्या वस्तूंबाबत हिंदू विवाह कायदा, १९५५ च्या कलम २७ खाली कोर्ट निर्णय देऊ शकते.

गोव्यात सासर-माहेर असलेल्यांनी तिथल्याच वकिलाला विचारावे. तिथे पोर्तुगीज काळापासूनची नागरी संहिता चालते आणि पती-पत्नीची मालमत्ता साधारणपणे सामाईक धरली जाते.

आधी लॉकर पाहा

लॉकर बहुधा दोघांच्या नावे आणि ‘दोघांपैकी कोणीही’ उघडेल अशा सूचनेवर असतो. आत काय ठेवले आहे याची नोंद बँकेकडे नसते. एकाने येऊन लॉकर रिकामा केला, तर काय नेले ते बँक सांगू शकत नाही. वाद सुरू झाल्याचे एका धारकाने लेखी कळवले, तर बँका साधारणपणे दोघांच्या सहीशिवाय लॉकर उघडू देत नाहीत. म्हणून तो अर्ज वेळेवर द्यावा आणि पोच घ्यावी. दागिने पतीच्या नावावर सोनेतारण कर्जात तर नाहीत ना, हेही विचारून घ्यावे.

सहीच्या आधी यादी

परस्पर संमतीच्या अर्जावर सही करण्यापूर्वी दागिन्यांची यादी करावी: नग, अंदाजे वजन, कोणी दिला, आज कोणाकडे आहे. लग्नाचे फोटो आणि सराफाची जुनी बिले इथे उपयोगी पडतात. ‘सर्व देणे-घेणे मिटले’ एवढे एक वाक्य लिहून मोकळे होऊ नये, कारण नंतर एखादी ठुशी आठवली तर ते वाक्य आड येते. सासूबाईंनी दिलेल्या पिढीजात पाटल्या काही मुली आपणहून परत करतात. तसे करायला हरकत नाही, पण ते कागदावर यावे आणि दबावाखाली होऊ नये.

मोडायचे ठरले तर

सराफ्यात जाण्यापूर्वी काळे मणी व खडे सोडवून नुसत्या सोन्याचे वजन समोर करून घ्यावे. हॉलमार्कवरील ९१६ म्हणजे हजार भागांत ९१६ भाग शुद्ध सोने. १० ग्रॅमच्या नगात ९.१६ ग्रॅम. घडणावळीचे पैसे परत मिळत नाहीत. हिऱ्याच्या अंगठीला खरेदीच्या मानाने फारच कमी किंमत येते, तेव्हा ती आधी मूळ पेढीवर दाखवावी. दोन-तीन ठिकाणी भाव विचारून रक्कम खात्यातच घ्यावी. दागिना २४ महिन्यांहून जुना असेल तर नफ्यावर दीर्घकालीन भांडवली कर लागतो. २३ जुलै २०२४ पासून त्याचा दर १२.५ टक्के आहे. भेट मिळालेल्या दागिन्याला देणाऱ्याची खरेदी किंमत धरतात, म्हणून आईकडची जुनी बिलेही जपावीत.

मोडलेच पाहिजे असेही नाही. कोणी वाट्या आटवून कानातले करते, कोणी मुलीसाठी तसेच ठेवते, कोणी विकून स्वतःच्या नावे मुदत ठेव करते. मंगळसूत्र परत करावे किंवा अमुक दिवशी काढावे असा कायदा नाही.

निर्णय कोणाचा?

ऑगस्ट २०२४ मध्ये तेलंगणातील एक प्रकरण सर्वोच्च न्यायालयात आले होते. घटस्फोटित मुलीच्या वडिलांनी तिचे स्त्रीधन परत मिळावे म्हणून तिच्या आधीच्या सासरच्यांवर तक्रार केली होती. मुलीने अधिकार दिलेला नसताना वडिलांनाही ते मागता येत नाही, असे न्यायालयाने म्हटले.

आपल्या घरांत नेमके इथेच चुकते. आई म्हणते विकून टाक, मावशी म्हणते असू दे, काका म्हणतात त्यांच्या तोंडावर फेक. वडीलधाऱ्यांनी यादी करायला, बँकेत आणि सराफाकडे सोबत जायला जरूर मदत करावी. दागिना ठेवायचा की मोडायचा, हे मात्र मुलीला ठरवू द्यावे आणि त्यासाठी तिला हवे तेवढे दिवस द्यावेत. यादी झाली आणि लॉकर तिच्या एकटीच्या नावे झाला, की मग घाई कसलीच नाही.