सुईदोऱ्याची उमेदवारी

मामलेदार कचेरीत अव्वल कारकून म्हणून हयात घालवलेल्या इसमाने निवृत्तीनंतर काय करावे, याविषयी समाजाने काही मार्ग मुक्रर करून ठेवलेले आहेत: तीर्थयात्रा कराव्या, वर्तमानपत्रांना पत्रे लिहावी, नातवंडांना शाळेत पोचवावे आणि गृहनिर्माण संस्थेच्या हिशेबात खोट काढावी. यांपैकी एकाही मार्गाचा अव्हेर न करता मी त्यांत गोधडी शिवण्याची भर घातली, तेव्हा आप्तेष्टांनी प्रथम प्रकृतीची चौकशी केली आणि ती उत्तम असल्याचे कळल्यावर हा छंद फार दिवस टिकणार नाही असा निर्वाळा दिला. छंद टिकला. त्यातून जे हाती आले ते लिहून ठेवण्याचे कारण इतकेच की, ज्या वस्तूखाली महाराष्ट्रातील बहुतेकांचे बालपण झोपून गेले, तिच्या रचनेत विचार किती आणि सवय किती, याची उकल तिच्यावर निजणाऱ्याला सहसा होत नाही. ती शिवायला बसणाऱ्याला मात्र पहिल्या रांगेपासून होऊ लागते.

गोधडी म्हणजे जुन्या कापडाचे थर एकावर एक पसरून धावदोऱ्याने एकजीव केलेले अंथरूण-पांघरूण. साताऱ्या-कोल्हापूरकडे तिला वाकळ म्हणतात, तान्ह्या मुलासाठी केलेल्या लहान गोधडीला दुपटे म्हणतात, आणि कृष्णा ओलांडून कानडी मुलखात गेले की तीच कौदी होते. बंगालचा कांथा, बिहारची सुजनी आणि सिंधची रल्ली ही सगळी त्याच कुळातील भावंडे. कांथ्यावर कमळे, हत्ती आणि रथ भरलेले असल्याने कलासमीक्षकांची दृष्टी त्याच्याकडे लवकर वळली; स्टेला क्रामरिश या विदुषीने 1939 मध्येच त्यावर स्वतंत्र निबंध लिहिला. आमच्या गोधडीवर सहसा चित्र नसते, असतात त्या केवळ टाक्यांच्या रांगा. त्यामुळे ती पुष्कळ काळ कलेच्या दप्तरी दाखल झाली नाही. अलीकडे गीता खंडेलवाल यांच्यासारख्या जाणकारांनी महाराष्ट्रातील गोधड्यांवर ग्रंथ लिहून ही उणीव काही अंशी भरून काढली आहे.

शिकणाऱ्याला पहिला धडा मिळतो तो कापडाविषयी. नवे कोरे कापड आणून गोधडी करावी असे नवशिक्याला वाटते, आणि जाणती बाई ते कापड हातात घेऊन न बोलता बाजूला ठेवते. गोधडीला हवे असते ते जुनेर. वर्षानुवर्षे धुतलेल्या सुती लुगड्यातील खळ निघून गेलेली असते, ते जेवढे आटायचे तेवढे आटून चुकलेले असते, आणि त्याचा रंग जेवढा जायचा तेवढा गेलेला असतो. नवे कापड जुन्याशी जोडले तर पहिल्या धुण्यात ते एकटेच आखडते आणि साऱ्या गोधडीला चुण्या पडतात. शिवाय चार-सहा थरांतून सुई दिवसभर पार करायची असल्याने कापड मऊ असणे ही हौसेची बाब नसून बोटांच्या संरक्षणाची बाब आहे. म्हणजे जुने कापड हा गरिबीतला नाइलाज होता, हे अर्धेच सत्य. या कामाला तेच कापड अधिक लायक होते, हे उरलेले अर्धे.

नऊवारी लुगड्याची लांबी सुमारे सव्वाआठ मीटर. त्याचे चार समान भाग केले की प्रत्येकी दोन मीटरांचे चार थर मिळतात, आणि पन्ह्याची रुंदी धरता एका माणसाच्या निजण्यापुरती गोधडी एका लुगड्यात बसते. व्यवहारात इतके सरळ गणित क्वचितच जमते, कारण लुगडे सगळीकडे सारखे विरत नाही. बसण्याउठण्याचा ताण जिथे पडतो तिथे ते आधी जाते, आणि काठ व पदर शेवटपर्यंत टिकतात. म्हणून विरलेले भाग आतल्या थरांना जातात, पदराला दर्शनी जागा मिळते, आणि इरकली काठ उसवून गोधडीच्या चारी कडांना लावले जातात. वस्त्राचा जो भाग सर्वांत घट्ट विणलेला असतो तोच जेथे झीज सर्वाधिक होते तेथे नेमला जातो. सौंदर्य म्हणून आपण ज्या रंगीत चौकटीचे कौतुक करतो, ती मुळात अशी हिशेबाने केलेली नेमणूक असते.

माझ्या शिक्षणाचा भार शेजारच्या आक्कांनी पत्करला. आक्का मूळच्या सातारा जिल्ह्यातल्या. ज्याने आयुष्यभर लेखणीखेरीज कोणतेही हत्यार चालवले नाही त्याच्या हाती सुई देताना त्यांनी कोणतीही प्रस्तावना केली नाही. त्यांची पहिली आज्ञा होती, "रावसाहेब, दोरा वढू नगा. त्याला चालू द्या." धावदोऱ्याचे अख्खे शास्त्र या दोन वाक्यांत आहे. टाका ओढून घट्ट केला तर कापड गोळा होते, आणि सैल सोडला तर धुताना अडकून तुटतो; दोन्हींच्या मधला जो ताण, तो शब्दाने सांगता येत नाही आणि बोटाला मात्र काही दिवसांत समजतो. दोरा हातभरच घ्यावा, कारण लांब दोरा गुंततो. तो मेणावरून ओढून घ्यावा, म्हणजे पिळा सुटत नाही. गाठ थरांच्या आत लपवावी. आणि सुईवर तीन-चार टाके एकदम घेऊन मगच ती बाहेर काढावी. मधल्या बोटाला अंगुस्तान नसेल, तर संध्याकाळपर्यंत त्या बोटाची चाळण होते.

टाके घालण्यापूर्वीचे काम टाक्यांहून महत्त्वाचे असते. थर जमिनीवर पसरून, तळव्याने मधून कडेकडे सारवत त्यांतील सुरकुती काढायची आणि लांब लांब कच्चे टाके घालून ते जागच्या जागी बांधायचे. ही पूर्वतयारी आवश्यक ठरते, कारण आमच्याकडे शिवण कडेपासून सुरू होऊन चौकोनात चौकोन अशी आत सरकत मध्यावर संपते. युरोप-अमेरिकेतील शिवणकाम करणाऱ्या स्त्रिया आपले कापड चौकटीवर ताणून बहुधा मध्यापासून बाहेर जातात, म्हणजे सैल कापड कडेला ढकलले जाते आणि शेवटी कापून टाकता येते. आमच्या पद्धतीत कडा आधीच बंद झालेल्या असल्याने जो काही सैलपणा राहील तो मध्यभागी येऊन गोळा होणार, आणि तिथे त्याला कोणतीही वाट नाही. या अडचणीच्या बदल्यात मिळते ते असे की, चौकट नावाचे कोणतेही साधन लागत नाही; बाई गोधडीवरच बसते, तिच्या देहाचे वजन थरांना धरून ठेवते, आणि कड पुढे सरकते तशी तीही सरकते. एकाच गोधडीच्या चार बाजूंना चार जणी बसून एकाच वेळी काम करू शकतात. रबीचा हंगाम उरकल्यावर चैत्र-वैशाखाच्या दुपारी ओसरीवर जो मेळा बसे, त्याला ही पद्धत अगदी अनुरूप होती.

रांगांमधील अंतर बोटभर, म्हणजे सुमारे दोन सेंटिमीटर. दोन मीटर लांब आणि सव्वा मीटरहून थोड्या कमी रुंदीच्या गोधडीवर असा धावदोरा भरला, तर शिवणीची एकूण लांबी सुमारे 115 मीटर होते. टाका आणि त्यानंतरची मोकळी जागा मिळून एक सेंटिमीटर धरला, तर टाक्यांची संख्या साडेअकरा हजारांच्या घरात जाते. हा आकडा काढला तो जुन्या सवयीने, परंतु त्यातून एक गोष्ट स्पष्ट झाली. इतके टाके शोभेसाठी कोणी घालत नाही. घट बसण्यापूर्वी घरातील सगळी अंथरुणे नदीवर नेऊन धुण्याची आपल्याकडे रीत आहे, आणि पाणी प्यालेली गोधडी एकट्या माणसाला उचलत नाही. ते वजन पिळताना आणि वाळत टाकताना विरलेल्या कापडावर पडले तर ते फाटेल. म्हणून ते हजारो टाक्यांवर वाटून दिलेले असते. एखादा टाका तुटला तरी शेजारच्या रांगा शाबूत राहतात. उबेचे कारणही याच रचनेत आहे: उष्णता अडवून धरते ती थरांमधली स्थिर हवा, आणि टाके त्या हवेचे लहान लहान कप्पे पाडून तिला हलू देत नाहीत.

कडेपासून आत येण्याच्या या पद्धतीचा एक सुंदर पाठभेद उत्तर कन्नड जिल्ह्यातील सिद्दी समाजाच्या कवंदीत पाहावयास मिळतो. आफ्रिकेतून आणलेल्या आणि पोर्तुगीज गोव्यातील गुलामगिरीतून निसटून हल्याळ-यल्लापूरच्या जंगलात स्थिरावलेल्या लोकांचे हे वंशज. त्यांच्यापैकी बरेच जण कोकणी बोलतात. त्यांच्या स्त्रिया तुकडे आधी जोडून घेत नाहीत, तर कोपऱ्यापासून टाके घालत जातात आणि वाटेत लागेल तसा तुकडा लावत आत येतात. शेवटी चारी कोपऱ्यांवर घड्या घातलेल्या कापडाची फुले बसवल्याखेरीज कवंदी पुरी झाली असे मानत नाहीत.

चिंध्यांना आपल्या परंपरेने सरसकट हीन लेखले नाही, ही गोष्ट येथे ध्यानात घेण्याजोगी आहे. विनयपिटकात अशी कथा आहे की, मगधातील बांध घातलेली भातखाचरे दाखवून बुद्धाने आनंदाला भिक्षूंचे चीवर त्या आकृतीने तुकडे जोडून करण्यास सांगितले. ती आकृती बौद्ध भिक्षूंच्या वस्त्रावर आजही आढळते. गाडगे महाराज (1876–1956) अंगावर ठिगळांचे वस्त्र घालून गावोगाव खराट्याने झाडत हिंडले आणि लोकांनी त्यांना गोधडेबुवा म्हणून ओळखले. सुई पुरुषाला परकी आहे, हे म्हणणेही इतिहासाला धरून नाही. संत नामदेव शिंपी कुळातले होते. फरक एवढाच झाला की, पुरुषाच्या हातातली सुई हा धंदा ठरला आणि त्याला मजुरी मिळाली, तर स्त्रीच्या हातातली सुई घरकामात जमा झाली आणि तिला ना मजुरी मिळाली, ना विद्या म्हणून मान. मामलेदार कचेरीत आम्ही ज्यांचे सातबारे तपासले त्यांच्या घरात ही विद्या पिढ्यान् पिढ्या चालत होती, परंतु तिची नोंद करण्यासाठी आमच्याकडे रकाना नव्हता.

आता परिस्थिती पालटली आहे. सुती लुगड्याची जागा कृत्रिम धाग्याच्या साड्यांनी घेतली. त्या विरत नाहीत हे खरे, परंतु घाम टिपत नाहीत, आणि गुळगुळीत असल्याने थर एकमेकांवरून घसरतात. यंत्रावर शिवलेल्या गोधड्या बाजारात मिळतात, बचत गटांच्या स्त्रियांना त्यांतून चार पैसे मिळतात, आणि त्याबद्दल तक्रार करण्याचे कारण नाही. मात्र यंत्राची शिवण दोन दोऱ्यांनी थर घट्ट आवळते, त्यामुळे ती गोधडी टणक होते. हाताच्या धावदोऱ्यात एकच दोरा खालीवर जात असल्याने कापडाला हलायला जागा राहते आणि वापराने ते मऊ होत जाते. जुनी गोधडी विरली म्हणजे तिच्यावर नवा थर घालून पुन्हा टाके भरण्याची चाल होती. अशा गोधडीची कड उसवून पाहिली तर आजीच्या चंद्रकळेखाली पणजीचे लुगडे सापडते, जसे जुन्या दप्तरात एका फेरफाराखाली दुसरा फेरफार सापडावा.

ज्यांना शिकण्याची इच्छा आहे त्यांनी मोठ्या गोधडीने प्रारंभ करू नये. दोन जुनी सुती धोतरे किंवा एक विटलेले पातळ घेऊन दुपटे शिवावे. त्याला थर थोडे, टाके थोडे, आणि ते वापरणारा जीव टाक्यांच्या वेड्यावाकडेपणाबद्दल कोणाकडे दाद मागत नाही. हात बसला म्हणजे मग मोठे काम घ्यावे. घरात किंवा शेजारी ज्या वृद्ध स्त्रीने कधी काळी वाकळ शिवली असेल, तिला सन्मानाने बोलावून शेजारी बसवावे आणि तिचे ऐकावे, कारण या विद्येची पाठ्यपुस्तके फार थोडी आहेत आणि शिक्षक दरवर्षी कमी होत आहेत. या उमेदवारीला वयाची, हुद्द्याची किंवा स्त्री-पुरुषपणाची कोणतीही अट नाही. एक सुई, एक अंगुस्तान, घरातले जुनेर आणि दुपारचा मोकळा वेळ एवढ्या भांडवलावर ती कोणालाही रुजू होता येईल अशी आहे.