ई-६ चं घर

पालक दाराबाहेर गेले, मोबाइल जमा झाले आणि नगरच्या एका मंगल कार्यालयात बुद्धिबळाच्या घड्याळांची बटणं तेवढी ऐकू येऊ लागली. मी थांबलो त्या पटावर पांढरी मोहरी संगमनेरच्या मुलाकडे होती, काळी नगरच्या मुलीकडे. दोघंही बारा-तेरा वर्षांची.

डी-४, घोडा एफ-६, सी-४, जी-६. किंग्ज इंडियन बचाव. चाल आधी खेळायची, मग लिहायची. मुलगी लिहून मान वर करी तोवर मुलाचं उत्तर आलेलं असे. १८५० च्या दशकात कोलकात्यात मोहेशचंद्र बॅनर्जी जॉन कॉक्रेनविरुद्ध असाच उंट जी-७ वर बसवत. आपल्या देशी बुद्धिबळात प्यादं पहिल्या चालीलाही एकच घर सरकतं. ही सावध मांडणी त्याच सवयीतून आली असावी.

आठव्या चालीला पांढरं प्यादं डी-५ वर गेलं, मध्य बंद झाला. आता कुठं खेळायचं हे प्यादीच सांगतात: पांढऱ्यांचा रोख वजिराच्या बाजूला, काळ्यांचा राजाच्या. मुलानं बी-४ केलं, मुलीनं घोडा एच-५ वर नेला. हत्ती ई-१. प्यादं एफ-५. आणि मुलाचा घोडा जी-५ वर आला.

इथं तिचा हात थांबला. त्या एका चालीनं ई-२ वरच्या उंटाची वाट मोकळी होऊन एच-५ चा घोडा माऱ्यात आला होता. शिवाय पांढरा घोडा ई-६ वर उतरला, तर त्याला हुसकायला प्यादं नाही; सी-८ चा उंट देऊनच तो मारावा लागतो, आणि राजावरचा हल्ला त्याच उंटाच्या जोरावर असतो. तिनं हात मांडीखाली दाबून ठेवले. बराच वेळ गेला. मग घोडा परत एफ-६ वर, ई-४ च्या प्याद्यावर नजर ठेवून. पाठांतर असेलही, पण त्या थांबण्यात मला विचार दिसला.

नगरचा शार्दूल गागरे २०१६ मध्ये ग्रँडमास्टर झाला. त्याच्या गावातल्या मुलांना ओपनिंग शिकवताना प्रत्येक चालीमागचं ‘का’ आधी सांगावं, असं मला फार वाटतं.

डाव बरोबरीत सुटला. सह्या करून दोघं बाहेर ओट्यावर पट मांडून बसली, ती थेट अकराव्या चालीवर.

“घोडा एफ-४ वर टाकला असतास तर?”

“तू उंटानं मारला असतास. मी प्याद्यानं मारलं की माझ्या जी-७ च्या उंटाचा कर्ण उघडला. सी-३ चा घोडा कसा वाचवशील?”

“हत्ती सी-१,” तो म्हणाला, आणि दोघं पुन्हा पटावर वाकली.