संगणकाची मूळ चिन्हे

संगणकाच्या पटलावर हौसेने नवी थीम चढवावी, चार दिवसांत ती नकोशी होऊन काढून टाकावी, तरी जुनी चिन्हे मात्र परत येऊ नयेत, असे पुष्कळदा घडते. आपले लेखनही नाहीसे झाले की काय, अशी शंका मग मनास चाटून जाते. ती अनाठायी होय. चिन्ह ही केवळ पाटी आहे. दुकानाची पाटी बदलल्याने आतील माल बदलत नाही.

विंडोज १० व ११ या प्रणालींत मूळ चित्रे संगणकातच जतन केलेली असतात. ती परत आणण्यासाठी आपण सेटिंग्ज, पर्सनलायझेशन, थीम्स व डेस्कटॉप आयकॉन सेटिंग्ज अशा क्रमाने जावे. तेथे एकेक चिन्ह निवडून ‘रिस्टोर डीफॉल्ट’ दाबावे. रीसायकल बिनची भरलेली व रिकामी अशी दोन चिन्हे असतात. ती निरनिराळी पूर्ववत् करावी लागतात. शेवटी ‘अप्लाय’ दाबावे. थीमला चिन्हे बदलू देण्याची अनुमती दर्शविणारी चौकटही तेथेच आढळते. तिच्यातील खूण काढली, की पुढील थीम या चिन्हांना हात लावीत नाही.

शाळेचा संगणक अनेकांचा असतो. आपल्यामागून येणाऱ्या लहानग्यास ओळखीची खूण जागच्या जागी सापडावी, एवढे भान आपण राखू या.