कायद्यातली खाट

भोर-शिरवळकडचे रुग्ण कात्रज ओलांडून पुण्यात शिरतात, तेव्हा वाटेत धनकवडीला भारती हॉस्पिटल लागतं. अशा धर्मादाय रुग्णालयांना राज्यात १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि आणखी १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीच्या दरात राखाव्या लागतात. मुंबई उच्च न्यायालयाने मंजूर केलेली ही योजना २००६ पासून चालू आहे. म्हणजे गरिबाची खाट कायद्यात आहेच. पण तिथून वॉर्डातल्या खाटेपर्यंत रुग्णाला नेणारा माणूस वेगळा असतो. तो वैद्यकीय समाजसेवक.

या पेशाचा जन्मच मोठा नवलाचा आहे. १८९५ साली लंडनच्या रॉयल फ्री हॉस्पिटलने मेरी स्टुअर्ट यांना नेमलं ते राखणदारीसाठी. ऐपत असून फुकट उपचार घेणारे हुडकायचे, हे त्यांचं काम. पण चौकशी करायची तर माणसाजवळ बसावं लागतं, आणि बसलं की खरी अडचण कळते. मग मदत मिळवून देणं हेही त्या कामात आलं. १९०५ साली बोस्टनमध्ये डॉ. रिचर्ड कॅबट यांना तेच उमगलं होतं: ज्याच्या घरी अन्न नाही, त्याला सकस आहार लिहून देऊन काय उपयोग? मुंबईत नागपाड्याला १९३६ मध्ये समाजकार्याचं शिक्षण सुरू झालं (ते देणारी संस्थाच पुढे टाटा समाजविज्ञान संस्था, म्हणजे ‘टिस’ झाली) आणि १९४६ मध्ये जे. जे. रुग्णालयात देशातल्या पहिल्या वैद्यकीय समाजसेवकाची नेमणूक झाली.

या कामातली खरी कला प्रश्नांत आहे. समजा, एका ट्रकचालकाने टीबीच्या गोळ्या मध्येच सोडल्या. केसपेपरवर ‘औषधे अनियमित’ एवढंच येतं. समाजसेवक विचारतो, घरातून किती वाजता निघता? पहाटे चारला. गोळी कधी घेता? उपाशीपोटी. मग मळमळ होते, गाडी चालवता येत नाही आणि खेप बुडते. आता बेफिकीर वाटणारा माणूस एकदम जबाबदार दिसू लागतो! गोळीची वेळ डॉक्टरांशी बोलून बदलता येते. मालकाशी बोलणं मात्र अवघड जातं, आणि तेही याच पेशात येतं.

सगळ्यात थक्क करणारी जागा अवयवदानाची. किमान सहा तासांच्या अंतराने दोनदा तपासण्या करून डॉक्टरांचं मंडळ मेंदूमृत्यू जाहीर करतं. व्हेंटिलेटरवर छाती हलत असते, अंग कोमट असतं, आणि प्रत्यारोपण समन्वयकाला त्या रुग्णाच्या आईसमोर बसून अवयवदानाबद्दल बोलायचं असतं. अनेकदा हा समन्वयक समाजकार्य शिकलेला असतो. २०११ च्या कायदादुरुस्तीनंतर असा समन्वयक नेमल्याशिवाय रुग्णालयाची प्रत्यारोपणासाठी नोंदणीच होत नाही. कुणातरी अनोळखी माणसाचं मूत्रपिंड त्या एका संभाषणावर अवलंबून असतं. घाई केली तर घर तुटतं, आणि उशीर झाला तर अवयव निकामी होतात. इतकं नाजूक काम दुसरं क्वचितच असेल.

शिकायचं तर एमएसडब्ल्यू, म्हणजे समाजकार्याची पदव्युत्तर पदवी, दोन वर्षांची. १९६३ मध्ये सुरू झालेली कोथरूडची कर्वे समाजसेवा संस्था हे शिकवते. वर्गाइतकंच वजन फील्डवर्कला. सरकारी दवाखान्यांत या पदाला ‘समाजसेवा अधीक्षक (वैद्यकीय)’ म्हणतात. मात्र दिवसाचा मोठा भाग कागदांत जातो, हे आधीच सांगायला हवं. तो भाग मला कमी प्रतीचा वाटत नाही, कारण खाट अडते ती तिथेच. रेशनकार्ड थोरल्या भावाच्या नावावर, उत्पन्नाचा दाखला गावी, आणि रुग्ण आयसीयूत. म्हणून ज्याला या वाटेने जायचंय, त्याने प्रवेशअर्ज भरण्याआधी घरच्या कुणासाठी उत्पन्नाचा दाखला स्वतः काढून पाहावा. तलाठ्याचा अहवाल, स्वयंघोषणापत्र, सेतू केंद्राची रांग, तहसीलदारांची सही. मग हीच फेरी रोजंदारी बुडवून, आजारी माणूस दवाखान्यात ठेवून मारायची झाली तर कशी होईल, याचा हिशेब मांडावा.